शॅम्पेन कोमट, व्हिस्की चोख: वाशीतल्या एका वाईन शॉपची टेस्टिंग

दोन तास, सात ग्लास, माणशी अडीच हजार रुपये. त्यातले पाच ग्लास व्हिस्कीचे, दोन बुडबुड्यांचे. व्हिस्कीच्या पाच ग्लासांतच पैसे वसूल होतात. शॅम्पेनचं मात्र असं झालं की दुकानाने बाटली चांगली, महागातली आणली आणि ती कोमट, चुकीच्या वेळी, चुकीच्या ग्लासात वाढली. दुकानाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण इथे ज्या चुका दिसल्या त्या या एकट्या दुकानाच्या नाहीत. घरी एकतीस डिसेंबरला बाटली उघडताना दहापैकी आठ जण त्याच करतात.

आधी जागेचं. महाराष्ट्रात वाईन शॉपचा परवाना, म्हणजे एफएल-२, हा सीलबंद बाटली विकण्यापुरता असतो. काऊंटरवर बूच काढून घोटभर चाखायला देणं त्यात बसत नाही. इथे दुकान तळमजल्यावर आणि टेस्टिंग वरच्या रेस्टॉरंटच्या परमिट रूममध्ये, म्हणजे एफएल-३ च्या जागेत होते. तेव्हा कुणी ‘या, दुकानातच आतल्या खोलीत चाखवतो’ म्हणालं तर हात जोडून निघावं. दारात पिण्याचा परवाना विचारला जातो. वर्षाचा किंवा आजीवन असेल तर सोबत न्यावा, नसेल तर एक दिवसाचा तिथेच भरून मिळतो. आधार कार्डही बघतात आणि ते बरोबरच आहे, कारण आपल्याकडे बियर आणि वाईनसाठी वय २१ लागतं, व्हिस्कीसारख्या हार्ड ड्रिंकला २५. तेवीस वर्षांच्या एका मुलाला त्यामुळे फक्त शेवटचे दोन ग्लास मिळाले. नियम पाळला, उत्तम. पण पैसे सातही ग्लासांचे घेतले, ते काही पटलं नाही. बुकिंग घेतानाच वय विचारायला फोनवर दहा सेकंद लागतात.

खालचं दुकान जाळीच्या खिडकीतून पैसे सरकवायचं नाही, आत फिरून बाटली हातात घेऊन बघता येते. लेबल वाचायला मिळणं ही मोठी सोय आहे, ती वापरावी. आयात मालावर आयातदाराचा स्टिकर, एमआरपी आणि महिना असतो, तो बघावा. ‘फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी’ या अर्थाची इंग्रजी ओळ शोधावी. गोव्याची ओळ असलेली बाटली वाशीच्या रॅकवर दिसली तर दर कितीही गोड असो, ती परत ठेवावी. फ्रिजमधली बाटली दिली म्हणून एमआरपीवर वीस रुपये ‘कूलिंग’चे मागणारी दुकानं अजून आहेत, इथे तसं नाही. काऊंटरवरची पोरं माहीतगार आहेत, फक्त एखाद्या बाईने सिंगल माल्ट (एकाच कारखान्यातली, फक्त मोड आणलेल्या जवाची व्हिस्की) विचारली की ‘गिफ्टसाठी का ताई?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून अजून निघतो.

एक खटकलेली गोष्ट रॅकवरच दिसते. ‘शॅम्पेन’ अशी मोठी पाटी, आणि तिच्याखाली फ्रान्सची मोएत, नाशिकची शांदोन, सुलाची ब्रूत आणि इटलीची प्रोसेको अशा चारही एका रांगेत. यात शॅम्पेन एकच. फ्रान्समधल्या शॅम्पेन या प्रदेशातल्या द्राक्षांची, तिथेच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली असेल तरच ते नाव. बाकीच्या स्पार्कलिंग वाईन. शांदोन आणि सुला ब्रूत या दोन्हींत दुसरं आंबवणं शॅम्पेनसारखंच बाटलीत होतं, त्यामुळे त्या जवळच्या नातेवाईक म्हणायला हरकत नाही. प्रोसेकोत ते काम मोठ्या बंद टाकीत होतं आणि द्राक्षही वेगळं, ग्लेरा नावाचं. वाईट नव्हे, पण वेगळी. लग्नाच्या वाढदिवसाला ‘शॅम्पेन’ म्हणून नेलेल्या बाटलीवर प्रोसेको लिहिलेलं निघालं की चूक नेणाऱ्याची नसते, पाटीची असते.

आता वरच्या मजल्यावर. बारा खुर्च्या, एसी चोवीसवर, प्रत्येकासमोर पाच छोटे ट्युलिपच्या आकाराचे ग्लास. इथे दुकानाला पैकीच्या पैकी गुण. व्हिस्कीचा वास कळतो तो पोट फुगीर आणि तोंड निमुळतं असलेल्या ग्लासात. ग्लेनकेर्न नावाचा ग्लास २००१ पासून यासाठीच निघाला आणि आता जगभर टेस्टिंगला तोच किंवा त्याच्यासारखा वापरतात. आपल्या परमिट रूममधला रुंद, सरळ भिंतीचा ग्लास बर्फासाठी आणि सोड्यासाठी ठीक. त्यात नाक घातलं तर वास वरून चारी दिशांना उडून गेलेला असतो. प्रत्येक ग्लासात २० मिली मोजून ओतलं, मापाने, अंदाजाने नाही. बाटल्यांची सीलं सगळ्यांच्या समोर तोडली. ही शेवटची गोष्ट साधी वाटते, पण टेस्टिंग चांगली की वाईट याची निम्मी परीक्षा तिथेच होते.

क्रम होता ग्लेनफिडिक १२, पॉल जॉन ब्रिलियन्स, इंद्री त्रिनी, अमृत फ्यूजन आणि शेवटी आर्डबेग १०. हा क्रम लावणाऱ्याला विषय कळतो. ग्लेनफिडिक ४० टक्के, मग दोन ४६ च्या, मग फ्यूजन ५० टक्के. आर्डबेग पुन्हा ४६ वर येते, तरी तिला शेवटीच ठेवायची, कारण ती धुराची. तिचा एक घोट घेतल्यावर त्यानंतरच्या कुठल्याही नाजूक व्हिस्कीला जिभेवर जागा उरत नाही.

वास घेण्याची रीत दाखवली ती अचूक. ग्लास वाईनसारखा गरागरा फिरवायचा नाही, त्याने आधी अल्कोहोलच वर येतं. नाक ग्लासाच्या आत नाही, कडेशी, आणि तोंड किंचित उघडं. पहिला वास अर्ध्या सेकंदाचा, मग थांबायचं, मग दुसरा. पहिल्या खेपेला नाकाला चटका बसतो, तिसऱ्या खेपेला नाशपाती, व्हॅनिला, सुका मेवा असं काहीतरी सापडायला लागतं. पहिला घोट तर चव बघायला नसतोच मुळी. तो जिभेला सांगायला असतो की येतंय. अर्धा चमचाभर तोंडात घ्यावा, सगळीकडे फिरवावा, गिळावा आणि खरी चव दुसऱ्या घोटात शोधावी.

ग्लेनफिडिक १२ ही स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली, आधी बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) आणि शेरी (स्पेनची कडक वाईन) भरलेल्या अशा दोन तऱ्हेच्या पिंपांत मुरलेली, हिरव्या नाशपातीच्या वासाची. जाणकार तिच्याकडे नाक मुरडतात, कारण ती सगळीकडे मिळते. टेस्टिंगमध्ये पहिली म्हणून तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. पुढच्या चारही तिच्याशी ताडून बघता येतात. पॉल जॉन ब्रिलियन्स गोव्याची, बर्बनच्या पिंपातली, बिनधुराची. मध, थोडी दालचिनी आणि गिळल्यावर मागे राहणारा कोको. इंद्री हरयाणातल्या कर्नाल जिल्ह्यातली. त्रिनी हे नाव तीन प्रकारच्या पिंपांवरून आलंय: बर्बन, फ्रेंच वाईन आणि पेद्रो हिमेनेझ नावाची गोड शेरी. तिच्यात मनुका आणि खजूर इतके पुढे येतात की काहींना ती गोडसर वाटते. पाचांत सगळ्यात जास्त माना हलल्या त्या तिलाच. अमृत फ्यूजन बेंगळुरूची. तिच्यात हिमालयाच्या पायथ्याकडचं साधं जव आणि स्कॉटलंडमधून आणलेलं, पीटच्या धुरावर सुकवलेलं जव एकत्र असतं, म्हणून नाव फ्यूजन. धूर आहे, पण चुलीशेजारच्या खोलीतला. आर्डबेग म्हणजे थेट चुलीसमोर.

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजत साठलेल्या वनस्पतींचा थर, वाळवून जाळतात. भिजवून मोड आलेलं जव त्याच्या धुरावर सुकवलं की फिनॉल नावाची द्रव्यं जवाला चिकटतात आणि ती ऊर्ध्वपातनातून, पिंपातून पार होऊन ग्लासापर्यंत येतात. आर्डबेग पिऊन ‘आयोडीन’, ‘हॉस्पिटल’ असं जे लोक म्हणतात ते चुकीचं नाही. उरण-करंजाकडच्या माणसाला ती तुलनेने लवकर आवडते असं दिसतं. निखाऱ्यावर सुका बोंबील भाजणाऱ्या घराला हा वास परका नसावा.

भारतीय सिंगल माल्टच्या लेबलवर ‘१२ वर्षं’ असं क्वचितच दिसतं, आणि त्याचं कारण समजावून सांगितलं, ते आवडलं. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के व्हिस्की हवेत उडून जाते. बेंगळुरूच्या हवेत तेच प्रमाण दहा टक्क्यांच्या वर जातं. बारा वर्षं ठेवली तर पिंपात तळाशी उरेल तेवढीच. पण गरमीत लाकूड आणि दारू यांची देवाणघेवाणही भराभर होते, त्यामुळे चार-पाच वर्षांची भारतीय माल्ट रंगाने आणि चवीने पोक्त वाटते. तेव्हा वयाचा आकडा नाही म्हणजे माल कच्चा, असं समजून बाटली खाली ठेवू नये. उलट स्कॉचला किमान तीन वर्षं लाकडात राहावंच लागतं, आणि आकडा लिहिला असेल तर तो बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो, सरासरी नव्हे.

याच ओघात आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीचाही विषय निघाला. त्यातल्या पुष्कळ ब्रँडांत थोडी माल्ट आणि बाकी उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढलेला, जवळपास बिनवासाचा स्पिरिट असतो. मळीचा असेल तर युरोपात त्याला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. एका अर्थी ती रमच्या घरातली. यात फसवणूक नाही, लेबलवर बऱ्याचदा मोलॅसिस (मळी) किंवा ग्रेन (धान्य) लिहिलेलं असतं. कुणी वाचत नाही इतकंच. आणि ‘व्हिस्की’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आयर्लंड-अमेरिकावाले शेवटी एक ‘ई’ जास्तीचा घालतात, त्यावरून ज्या चर्चा रंगतात त्या देवनागरीत आपोआप मिटतात.

पाण्यापाशी मात्र दुकान घसरलं. टेबलावर जग होता बर्फाच्या पाण्याचा. व्हिस्कीत थोडं पाणी घालणं योग्य, कित्येकदा गरजेचं, पण ते खोलीच्या तापमानाचं हवं. थंड पाण्याने वास दबतो, म्हणजे ज्यासाठी आलो तेच बंद. घरी करायचं तर चहाचा चमचा हे माप पुरेसं. २० मिली, ४६ टक्क्यांची व्हिस्की, तिच्यात अर्धा चमचा म्हणजे अडीच मिली पाणी घातलं की ती ४१ टक्क्यांच्या आसपास येते. पूर्ण चमचा, पाच मिली, घातला तर ३७ च्या जवळ. फ्यूजनसारख्या ५० टक्क्यांच्या व्हिस्कीला पूर्ण चमचा घालून बरोबर ४० होते, आणि तिच्यातली फळं तिथे उघडतात. आधी बिनपाण्याचा घोट, मग अर्धा चमचा, दोन मिनिटं थांबून पुन्हा. एकदम ग्लास भरून टाकला तर परत काढता येत नाही.

बर्फाच्या पाण्यामुळे एक प्रसंगही घडला. एकाची ब्रिलियन्स पाणी घातल्यावर गढूळ झाली आणि त्याने ‘डुप्लिकेट आहे’ म्हणून आवाज चढवला. डुप्लिकेट नव्हती. पिंपातून आणि ऊर्ध्वपातनातून काही तेलकट द्रव्यं व्हिस्कीत येतात. ४६ टक्क्यांच्या वर ती विरघळलेली राहतात. अल्कोहोल कमी झालं किंवा गारठा वाढला की बाहेर पडून धुकं दिसतं. पुष्कळ कंपन्या व्हिस्की थंड करून ही द्रव्यं गाळून टाकतात, म्हणजे बर्फ घालणाऱ्याने तक्रार करू नये. गाळत नाहीत ते ती ४६ किंवा वर ठेवतात. लेबलवर ‘नॉन चिल फिल्टर्ड’ असेल तर हे धुकं दोष नाही, उलट अंगात काही शिल्लक असल्याची खूण आहे. सांगणाऱ्याने हे शांतपणे समजावलं, त्याबद्दल त्याला अर्धा गुण जास्त.

चखण्यालाही गुण कापावे लागतील. मसाला शेंगदाणे, तिखट शेव आणि शेजवान चटणीतलं काहीतरी. तिखटाने जीभ पेटली की ४६ टक्क्यांची व्हिस्की नुसती जाळते, चव कळत नाही, आणि माणूस व्हिस्कीला नावं ठेवतो. दोन ग्लासांच्या मध्ये साधा पाव, बिनमसाल्याचे कुरमुरे, साधं पाणी, बस्स. टेस्टिंग संपल्यावर काय खायचं ते खावं.

आणि मग आली शॅम्पेन. शेवटी. ‘टोस्टसाठी’.

इथे सगळंच उलटं झालं. बुडबुड्यांची वाईन नाजूक, बारा टक्क्यांच्या आसपासची, आंबट आणि ताजी. ती जीभ कोरी असताना, सगळ्यात आधी प्यायची. आर्डबेगच्या धुरानंतर मोएत ओतली तर ती लिंबू पिळलेला सोडा लागते, आणि तशीच लागली. विचारलं तर उत्तर मिळालं: ‘साहेब, ती आधी दिली की लोकांना वाटतं प्रोग्राम संपला.’ उत्तर प्रामाणिक आहे. पण मग ती सुरुवातीलाच, लोक येऊन बसताना हातात द्यावी. स्वागतही होतं आणि जीभही तयार होते.

दुसरी चूक बकेटची. बकेटमध्ये नुसता बर्फ, त्यात बाटली खोचलेली, गळा आणि खांदा बाहेर. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा असते आणि हवा गारवा नीट पोचवत नाही. बाटलीला खडे चार-सहा जागी टेकतात, तेवढ्याच जागा गार. निम्मा बर्फ, निम्मं पाणी, हवं तर मूठभर मीठ, आणि बाटली खांद्यापर्यंत बुडलेली, असं केलं की आपल्याकडच्या हवेतली बाटली अर्ध्या-पाऊण तासात आठ ते दहा अंशांवर येते. फ्रिजमध्ये ठेवायची तर आडवी, तीन-चार तास. फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर बाटली फुटू शकते. इथे ग्लासात आलेली वाईन हाताला गार लागतच नव्हती. कोमट शॅम्पेनमध्ये वायू भराभर निसटतो, फेस वर येतो आणि दोन मिनिटांत ग्लास शांत.

तिसरी चूक, ठो! बाटलीत पाच ते सहा वातावरणांएवढा दाब असतो, मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या अडीच-तीन पट. त्यात बाटली कोमट. बूच छताला जाऊन आपटलं, टाळ्या पडल्या आणि फेसाबरोबर वाईन टेबलक्लॉथवर गेली. हिशोब बघा: ७५० मिलीची बाटली, बारा माणसं, प्रत्येकी ६० मिली म्हणजे ७२० मिली. सांडायला मोकळीक ३० मिलीची. शेवटच्या दोघांना अर्धा-अर्धा ग्लास मिळाला, त्यांनीही तेवढेच पैसे दिलेले होते.

बूच काढायची रीत काही अवघड नाही. आधी चांदीचा कागद काढायचा. मग बुचावर अंगठा दाबून ठेवत तारेची जाळी सैल करायची. कडीला साधारण सहा अर्धे वेढे असतात. जाळी पूर्ण काढून बाजूला ठेवायची घाई नको, ती बुचावर राहू दे, पकड चांगली मिळते. बाटली पंचेचाळीस अंशांत तिरकी, तोंड माणसांकडे आणि ट्यूबलाईटकडे नाही. मग एका हाताने बूच घट्ट धरून दुसऱ्या हाताने बाटली फिरवायची. बूच फिरवायचं नाही, बाटली. बूच बाहेर यायला लागलं की त्याला उलट आत दाबत हळूहळू सोडायचं. आवाज यावा तो सुस्काऱ्याएवढा. ओतताना ग्लास तिरका धरून भिंतीवरून ओघळू द्यावी, थांबावं, फेस बसला की दुसरा हप्ता.

ग्लासांचं दुकानाने काय केलं? बशीसारखे उथळ, सिनेमातल्यासारखे. दिसायला झकास, पण पृष्ठभाग इतका मोठा की वायू आणि वास दोन्ही उडून जातात. लांब, अरुंद फ्लूट बुडबुडे छान दाखवते, वास कोंडते. साधा पांढऱ्या वाईनचा ट्युलिप ग्लास या दोघांपेक्षा बरा, आणि तसे ग्लास व्हिस्कीसाठी टेबलावर होतेच! जरा मोठ्या आकारात तेच आणायचे. धुताना साबणाचा अंश राहू देऊ नये, त्याने फेस मरतो. गरम पाण्याने धुऊन सुती फडक्याने पुसलेला ग्लास उत्तम. फडक्याचे न दिसणारे तंतू आत राहतात आणि बुडबुड्यांच्या माळा तिथूनच सुटतात. अगदी गुळगुळीत, निर्मळ काचेत बुडबुडे उगवायला जागाच सापडत नाही.

एवढं सगळं होऊनही तुलना उपयोगी ठरली. बुडबुड्यांचा दुसरा ग्लास शांदोन ब्रूतचा होता. ती नाशिकजवळच्या दिंडोरीत बनते, मोएतवाल्यांच्याच गटाची, २०१३ पासून. तिच्यात शेनिन ब्लांक असतं, जे फ्रान्सच्या शॅम्पेनमध्ये नसतं. तिथे मुख्य द्राक्षं तीन, शार्दोने, पिनो न्वार आणि मनिए. शांदोन फळांकडे झुकते, नाशपाती आणि लिंबाकडे. मोएतमध्ये त्याच्या मागे भाजलेल्या पावाचा वास येतो, तो मेलेल्या यीस्टबरोबर बाटली पडून राहिल्याचा. वर्ष न लिहिलेल्या शॅम्पेनला निदान पंधरा महिने बाटलीत राहावं लागतं, त्यातले बारा यीस्टबरोबर; वर्ष लिहिलेलीला तीन वर्षं. महाराष्ट्रात या दोन बाटल्यांच्या दरात मोठा फरक पडतो, मोएत बरीच महाग. तो पावाचा वास गार ग्लासात सापडला आणि आवडला तर मोएत घ्यावी. नाही सापडला तर शांदोनपेक्षा जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही. कोमट ग्लासात तो सापडणं कठीणच होतं, हीच खरी तक्रार.

लेबलवरचे शब्दही सांगायला हवे होते, ते राहिलं. ‘ब्रूत’ म्हणजे लिटरमागे बारा ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ नावाने जास्त कोरडी वाटते, पण असते जास्त गोड, १२ ते १७ ग्रॅम. ‘देमी-सेक’ ३२ ते ५०, म्हणजे श्रीखंडाशेजारी चालेल अशी. जेवणाबरोबर हवी असेल तर ब्रूत, आणि सोबत तळलेलं, खारट, कमी तिखट काहीही. साबुदाणा वडा, बटाट्याचे वेफर्स आणि रव्यातला बोंबील फ्राय यांच्याबरोबर तिची गट्टी कॅविआरपेक्षा आपल्याला जास्त कळेल.

पिण्याचा एकूण हिशोब: व्हिस्की १०० मिली, स्पार्कलिंग १२० मिली. शुद्ध अल्कोहोल मोजलं तर सुमारे ६० मिली, म्हणजे ४२.८ टक्क्यांच्या नेहमीच्या व्हिस्कीचे सव्वा दोन लार्ज पेग, वर थोडं. छोट्या ग्लासांमुळे ते जाणवत नाही. गाडीची कायद्यातली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. या टेस्टिंगनंतर ती ओलांडलेली असणार असं धरूनच चालावं. पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पाम बीच रोडवर नाकाबंदी लागते. ट्रेन किंवा रिक्षा. टेबलाखाली एक थुंकायचं भांडं ठेवलं असतं तर ज्यांना घोट गिळायचा नव्हता त्यांची सोय झाली असती. वाईनच्या टेस्टिंगमध्ये ते असतंच, व्हिस्कीच्याही असावं.

बुकिंग करताना दोन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात. शॅम्पेन पहिली मिळेल का, आणि पिण्याचं पाणी साधं मिळेल का. दोन्ही फुकटातल्या मागण्या आहेत. गटारीच्या आणि एकतीस डिसेंबरच्या आठवड्यात जाऊ नये; खाली काऊंटरवर रांग रस्त्यापर्यंत आणि सांगणारा माणूस दर पाच मिनिटांनी गल्ल्यावर पळतो.

टेस्टिंगनंतर खाली उतरून लगेच खंबा घेण्याची घाई कुणीही करू नये. सातव्या ग्लासानंतर सगळंच आवडतं. दोन दिवसांनी जे नाव आठवेल ते घ्यावं, क्वार्टर किंवा मिनिएचर मिळाली तर आधी ती. शॅम्पेन घेताना रॅकवर पुढे, दिव्याखाली उभी असलेली बाटली नको, मागची किंवा खोक्यातली मागावी. उजेड आणि उष्णता दोन्ही तिला मारतात. घरी उघडल्यावर बूच बघावं: ताज्या बाटलीचं बूच खालून छत्रीसारखं फुगतं, फार दिवस पडलेलीचं सरळ खुंटीसारखं राहतं. खुंटी निघाली, रंग गडद सोनेरी आणि वास काळ्या पडलेल्या सफरचंदाचा आला, तर बिल घेऊन दुकानात जावं आणि पुढच्या वेळी दुसरं दुकान बघावं. व्हिस्कीची बाटली नेहमी उभीच ठेवायची, आडवीत बूच भिजून कुजतं. एक तृतीयांशाच्या खाली आली की महिना-दोन महिन्यांत संपवावी, वरच्या हवेने वास पातळ होत जातो. उरलेल्या शॅम्पेनच्या गळ्यात चमचा अडकवला की बुडबुडे टिकतात म्हणतात, तसं काहीही होत नाही. दाबाचं झाकण मिळतं ते लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोंबलाबरोबर चालते, तिसऱ्या दिवशी नाही.